चाळीस दिवसांचा साबण

फार फार वर्षांपूर्वी, कुठल्याशा राज्यात नदीकाठी एक साबणवाली राहत होती. खोबरेल, करंजाचं तेल, केळीच्या वाळलेल्या खुंटांच्या राखेतून झिरपवलेलं पाणी आणि भरपूर धीर, एवढंच तिचं भांडवल. तेलात राखेचं पाणी घालून ती ते पिठल्यासारखं दाट होईपर्यंत ढवळायची, लाकडी साच्यात ओतायची, दोऱ्याने वड्या कापायची आणि माळ्यावरच्या चटईवर मांडून ठेवायची. चांगले चाळीस दिवस!

कारण राखेचं पाणी मोठं जहाल. ताज्या वडीत ते दबा धरून बसलेलं असतं आणि अंगाची सालं काढतं. चाळीस दिवसांत मात्र ते पार निवतं. म्हणून वडी कुणाच्या हातात देण्याआधी साबणवाली ती स्वतःच्या जिभेच्या शेंड्याला लावून बघायची. झोंबली, की वडी परत माळ्यावर.

"मावशी, साबण गोड आहे का?" घाटावरच्या बाया चिडवायच्या.

"तुमच्या बोलण्यापेक्षा गोड आहे!" ती हसून म्हणायची.

एके वर्षी राणीला लग्नानंतर चौदा वर्षांनी मुलगी झाली. दहाव्या दिवशी राजवाड्याचा कारभारी घोड्यावरून साबणवालीच्या दारात आला.

"परवा बारसं आहे. बाळाच्या अंघोळीला तुझा साबण हवा."

"कारभारी, जुना साबण सगळा संपला हो. माळ्यावरच्या वड्या जेमतेम दहा दिवसांच्या आहेत. अजून महिना लागेल."

"म्हणजे बारसं महिनाभर पुढे ढकलायचं?" कारभारी खेकसला. "साबण मिळाला नाही, तर ही नदीकाठची जागा सोडायची. दुसऱ्या साबणवाल्या पुष्कळ मिळतील."

तीस वर्षं साबणवाली त्याच जागेवर राबली होती. ती मुकाट्याने माळ्यावर चढली, तीन देखण्या वड्या निवडल्या, मोगऱ्याच्या फुलांसह केळीच्या पानात बांधल्या आणि देऊन टाकल्या. त्या दिवशी तिने वडी जिभेला लावली नाही. जीभ काय सांगेल, ते तिला पुरतं ठाऊक होतं.

दोन रात्री तिचा डोळा लागला नाही. बारशाच्या सकाळी मन रमवायला ती नवा साबण ढवळायला बसली, तर राखेच्या पाण्याचा एक थेंब मनगटावर उडाला. असे थेंब झेलून तिची कातडी निबर झाली होती, तरी चांगलाच चटका बसला.

"अगं बाई, ते लेकरू!" ती उठलीच. "जेवढं लेकराचं वय, तेवढंच त्या वडीचं!"

ती धावत सुटली. राजवाड्यात पोचली तेव्हा दाई बाळाला पायांवर घेऊन बसली होती. पाणी निवलं होतं आणि साबणाची वडी आता भिजणार, एवढ्यात साबणवाली ओरडली, "थांबा! लावू नका तो साबण!"

कारभारी तिला हाकलायला धावला. राणीने त्याला हातानेच थांबवलं. साबणवालीने दाईच्या हातातली वडी घेतली आणि सगळ्यांसमोर जिभेला लावली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"राणीसाहेब, हा साबण कच्चा आहे. देतानाच मला माहीत होतं. कारभाऱ्यांनी घाई केली हे खरं, पण पुडी मी बांधली. जागा जाईल म्हणून घाबरले."

राणीने बाळाला उराशी घट्ट धरलं. "तू गप्प बसली असतीस, तर दोष दाईच्या माथी गेला असता. मग आलीस कशाला?"

"लेकरू रडलं असतं. मला तिकडे ऐकू आलं नसतं, पण कळलं असतं."

राणीने बाळाच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "मला तुझा राग आलाय, आणि तो लगेच जाणार नाही. दाई, डाळीच्या पिठात साय कालवा. आणि बाई, तू या वड्या परत ने. अजून किती दिवस?"

"अठ्ठावीस."

"ते भरले की स्वतः घेऊन ये. अंघोळही तूच घाल. कारभारी, जागा तिचीच राहील. साबण कधी द्यायचा, ते यापुढे ती सांगेल."

दिवस भरले. साबणवालीने त्याच तीन वड्या आणल्या. पांढराशुभ्र, मऊ फेस आला. बाळाने फेसात हात आपटून साबणवालीचं तोंड माखून टाकलं, आणि राणी कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

तात्पर्य : हातून सुटलेल्या चुकीमागे लाज न बाळगता वेळेवर धावलं, तर तिला गाठता येतं.