काजरघळची रिकामी घुमटी

"तिच्या ट्रंकेत देव आहे. निळ्या साडीच्या घडीत गुंडाळून ठेवलाय. तू काही बोलू नकोस. बघू, ती आपणहून सांगते का."

चाफाबाई चुलीशी बसून लेकीला, शेवंतीला, हे सांगत होत्या आणि त्यांची नवी सून मागच्या पडवीत घासलेली भांडी पालथी घालत होती. मधे कुडाची भिंत. कुडातून धूर येतो, फोडणीचा वास येतो, तसं बोलणंही येतं, हे इतकी वर्षं त्या घरात काढून चाफाबाईंना ठाऊक नसावं याचं सुनेला नवल वाटलं. तिने हातातलं पातेलं आवाज न करता खाली ठेवलं.

सुनेचं नाव अंबिका. काजरघळात देवाचं नाव कुणालाच नव्हतं. माणसं होती ती चाफा, शेवंती, अंबिकेचा नवरा उदय, काळू अशी. झाडाफुलांची आणि दिवसाउजेडाची. देव न मानणारं गाव म्हणून ज्याची पंचक्रोशीत ख्याती, तिथे चार दिवसांपासून सकाळ-संध्याकाळ "अंबिका, चहा टाक" ऐकू येत होतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. अंबिकेला मात्र हसू येई. ते ती तोंडातल्या तोंडात ठेवी.

ट्रंकेतला देव म्हणजे अंगठ्याएवढी पितळी अन्नपूर्णा. अंबिकेच्या आईची. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. ती रोज सकाळी त्या मूर्तीपुढे तांदळाचे चार दाणे ठेवायची आणि मगच तोंडात घास घालायची; तिच्यामागे अंबिकाही तेच करू लागली. आपला त्यावर विश्वास आहे का, असं कुणी विचारलं असतं तर अंबिकेला सांगता आलं नसतं. दाणे ठेवल्याशिवाय पहिला घास उतरत नाही, एवढं तिला माहीत होतं. सासरी चार दिवस रुमाल काढायच्या निमित्ताने ट्रंकेचं झाकण अर्धं उघडून ती ते करत आली होती.

आज पाचवा दिवस. पाचव्या दिवशी भर दुपारी नव्या सुनेला घुमटीपाशी न्यायचं, ही काजरघळची रीत.

घुमटी गावाच्या खालच्या अंगाला, वहाळाच्या काठावर आहे. चार दगडी खांब, वर दगडाचंच छप्पर, आत बसकं पीठ. पिठावर काही नाही. शेंदूर नाही, पणती नाही, सुकलेलं फूलसुद्धा नाही. मात्र पिठाचा दगड झिजलेला आहे आणि मधोमध, जिथे काहीतरी फार वर्षं बसलेलं असावं, तिथे तो वेगळ्या रंगाचा आहे. वहाळ पलीकडे जातो, त्याच्या पलीकडे कातळाचा सपाट तुकडा आणि त्यावर काही गोल धोंडे. त्या कातळावर गुरं जात नाहीत. अंबिकेने पहिल्या दिवशीच ते हेरलं होतं. गुरं काठापर्यंत येत, पाणी पीत आणि मागे फिरत.

"अगं, यांच्या अंगणात तुळस आहे, पण ती गवती चहाच्या शेजारी," बरोबर पाठराखीण म्हणून आलेली कुसुममावशी वाटेत कुजबुजली. "चार दिवस झाले, हात जोडायला एक भिंत सापडलेली नाही मला. आणि हे बघ, रिकाम्या देव्हाऱ्यापुढे आणलं."

घुमटीपाशी बत्तीस घरांमधून एकेक माणूस येऊन उभं होतं. काळूआबा, चाफाबाईंचे चुलतसासरे, पायरीवर बसले होते. नव्या सुनेला आणि तिच्याबरोबरच्या पाहुण्यांना गोष्ट सांगायची ती त्यांनीच. त्यांनी अंबिकेला समोरच्या दगडावर बसायला सांगितलं आणि खाकरले.

सात पिढ्या झाल्या असतील, असं सांगतात. तेव्हा या पिठावर देव होता आणि काजरघळ त्याला विचारल्याशिवाय पाऊल उचलत नसे. पेरा कधी धरायचा, पोरगी कुठे द्यायची, विहीर कुठे खणायची, सगळ्याला कौल. सोमा गुरव देवाच्या गोल धोंड्याला दोन बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवी, गाऱ्हाणं घाली, आणि सगळं गाव श्वास धरून बसे. उजवी पाकळी आधी पडली तर हो. डावी पडली तर नाही. एकदा पडली की त्यावर बोलणं संपलं. भांडणं नव्हती, म्हणे. कशावर भांडणार.

एका फाल्गुनात वरच्या वाडीत पटकीची साथ आली. ओकाऱ्या-जुलाबांनी माणसं दोन दिवसांत जात होती. जी उभी होती ती वाडी सोडून निघाली आणि एका दुपारी पलीकडच्या त्या कातळावर येऊन थांबली. एकोणीस माणसं. वहाळात तेव्हा घोटाभर पाणी होतं. चालत आली असती. पण पाहुण्याने काठावर थांबून विचारायचं ही तेव्हाची पद्धत, म्हणून त्यांनी विचारलं. येऊ का?

त्या एकोणिसात भागी होती. सोमा गुरवाची लेक, वरच्या वाडीत दिलेली. काखेत तान्हं मूल.

गाव या घुमटीपुढे जमलं. सोमाने पाकळ्या लावल्या. डावी पडली. पलीकडून भागी दिसत होती, म्हणून त्याने पुन्हा लावल्या. डावी. तिसऱ्यांदा लावल्या. तरीही डावीच. मग गावकऱ्यांनी काठावर काट्यांचं कुंपण घातलं आणि काठ्या घेऊन उभे राहिले. निर्दय नव्हते हो. पेजेची मडकी वहाळाच्या मध्यावर नेऊन ठेवत. दोन दिवस मडकी रिकामी होऊन मिळाली. तिसऱ्या दिवशी ती न्यायला कुणी आलं नाही.

इथे काळूआबा थांबले. ही गोष्ट जमलेले सगळे जन्मभर ऐकत आले होते, तरी कुणाचा चेहरा ऐकून कंटाळलेल्या माणसाचा नव्हता. शेवंतीने चपलेतला खडा काढायचा म्हणून मान खाली घातली आणि बराच वेळ वर केली नाही.

पंधरा दिवसांनी, आबा पुढे म्हणाले, भर दुपारी पलीकडून विचारणा झाली. बाईचा आवाज. रडणं नाही, तळतळाट नाही. घरात मीठ आहे का, असं शेजारणीला विचारावं तसं साधं.

"नाही कोण म्हणालं?"

काठावर धुणं धूत असलेल्या बायकांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी गावाने ऐकलं. लोकांनी ओरडून सांगितलं, देव नाही म्हणाला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बोकड दिला, नारळ दिले, लांबून कुणी जाणता आणून मंत्र घातले. दुपार झाली की आवाज यायचाच. माणसं जेवणाचं ताट पुढे घेत आणि हात तसाच ठेवून बसत. दूध फाटायचं नाही, गुरं मरायची नाहीत, कुणाला ताप नाही. नुसती विचारणा.

मग गाव सोमाकडे गेलं की देवालाच विचार, आता काय करावं. सोमाने पाकळ्या हातात घेतल्या आणि खाली ठेवल्या.

"चाळीस वर्षं मी पाकळ्या भिजवतोय," तो म्हणाला. "ज्या बाजूला तुमचे डोळे वळलेले असत, ती पाकळी मी थोडी कमी भिजवत असे. तेवढंच माझं काम. त्या दिवशी एकाचेही डोळे उजवीकडे नव्हते. माझेसुद्धा."

त्यावर कुणी सोमाला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं आबांचे आजोबा म्हणत. पण गाव तसंच बसून राहिलं, कारण प्रत्येक जण मनात शोधत होता की नाही म्हणालं कोण, आणि तोंडाने तर कुणीच म्हटलं नव्हतं. एकोणीस माणसं मेली होती आणि नाही म्हणणारा माणूस गावात नव्हता.

दुसऱ्या दिवशी सुतारांची म्हातारी द्वारकी उठली. काठावर आली. पलीकडून विचारणा झाली तेव्हा ती म्हणाली, "मी. सुतारांची द्वारकी. मी नाही म्हटलं. माझी नातवंडं आहेत."

तो दिवस शांत गेला. पुढच्या दुपारी पुन्हा आवाज. मग दुसरं घर उठलं. मग तिसरं. रोज एक माणूस काठावर जाई, आपलं नाव घेई आणि सांगे. कुणी रडून सांगितलं, कुणी चिडून. एकाने आधी भावाचं नाव सांगून पाहिलं. त्या दिवशी आवाज अंधारेपर्यंत थांबला नाही, म्हणे. एक्केचाळीस दिवस लागले. शेवटी सोमा. त्याने देव उचलून छातीशी धरला, वहाळ ओलांडला आणि कातळावर त्या एकोणिसांच्या नावाने ठेवलेल्या धोंड्यांमधे ठेवला. त्या गोल धोंड्यांतला देव कुठला, हे आता कुणालाच ओळखता येत नाही.

"सोमा मग परत आला," आबा म्हणाले.

"नाही आला," शेवंती म्हणाली.

"आला गं. माझ्या आजोबांनी सांगितलंय."

"तुमचे आजोबा तो परत आल्याचं कुणाकडून ऐकून आले, तेही विचारायला हवं होतं, आबा."

दोन-चार जण हसले. आबाही हसले. मावशीला धीर आला आणि तिने विचारून घेतलं, "मग तेव्हापासून सगळं सुरळीत?"

"छे," आबा म्हणाले. "देव गेला म्हणून काय माणसं सुधारली? चोऱ्या होत्या, बांधावरून डोकी फुटत होती. फक्त चोर सापडला की त्याला बुद्धी फिरली, ग्रह फिरले असं म्हणायची सोय राहिली नाही. पूर आला, घर गेलं, तर दैवाला बोल लावता येईना. मग वहाळात बांध कुणी घातला ते बघावं लागलं. फार वैतागाचं असतं ते. काही घरं कंटाळून गाव सोडून गेली. गेली तिथे आता मोठी देवळं बांधलीत त्यांनी. सुखी आहेत."

"आणि शपथ कशावर घेता?"

"ज्याला सांगायचं त्याचा हात धरून. खोटं बोललं की हाताला कळतं. निदान बोलणाऱ्याच्या."

"आणि माणूस गेल्यावर? दहावा, तेरावा?"

"तेराव्या दिवशी घरातली माणसं बसतात आणि गेलेल्यासाठी काय करायचं राहिलं ते एकेक सांगतात. मोठ्याने. काही घरांत फार वेळ लागतो."

मावशीची सासू गेल्याच वर्षी गेली होती.

मग आबांनी रीत सांगितली. त्या दिवशी एकोणीस जणांनी विचारलं आणि गावाने तोंड लपवलं. म्हणून काठ ओलांडून कुणी राहायला आलं की प्रत्येक घराने आपलं नाव घेऊन सांगायचं, ये किंवा नको. देव आणू नको, पूजा करू नको, असा नियम गावाने कधी केलेला नाही. एवढंच की जे आणलं असेल ते सांगून आणायचं. आणि नको म्हणायची मोकळीक आहे. आजवर ती एकदाच कुणी वापरली.

"कुणी?" मावशी म्हणाली.

"माझ्या सासूबाईंनी," चाफाबाई म्हणाल्या. त्या पहिल्यांदाच बोलल्या. "इथेच. मी सतरा वर्षांची. बाकी सगळं गाव ये म्हणालं आणि त्या म्हणाल्या, मी नको म्हणते. कारण नाही सांगितलं. बत्तीस वर्षं एका चुलीवर रांधलं आम्ही. शेवटच्या दुखण्यात मीच केलं त्यांचं. मागून कधी वाईट बोलल्या नाहीत. जे होतं ते पहिल्याच दिवशी तोंडावर सांगून झालेलं."

त्या सुनेकडे पाहत नव्हत्या. वहाळाकडे पाहत होत्या.

घरं बोलू लागली. मी, सुतारांचा सागर, ये म्हणतो. मी, वरच्या आळीची आवळी, ये म्हणते. मी, काळू, ये. एकतीस घरं झाली. प्रत्येक नावाला अंबिका मान हलवत होती आणि प्रत्येक मान हलवण्याबरोबर तिला ट्रंकेचं झाकण जड झाल्यासारखं वाटत होतं. ही माणसं कुणाला ये म्हणत होती, ते त्यांना पुरतं माहीत नव्हतं. फक्त दोघींना माहीत होतं. आणि आपण गप्प राहिलो तरी त्या दोघी कुणाला सांगणार नाहीत, हेही तिने ओळखलं. आयुष्यभर सांगणार नाहीत. फक्त वाट पाहत राहतील.

चाफाबाई पुढे आल्या. "मी, चाफा," त्या म्हणाल्या. "मी अजून सांगत नाही. आधी तिला बोलू दे."

ऊन डोक्यावर होतं. सावली घुमटीच्या आतल्या पिठापुरती उरली होती आणि त्या पिठावरच्या रिकाम्या जागेकडे पाहवत नव्हतं, कारण ती आपल्याकडे पाहते आहे असं वाटत होतं.

आजही, असं सांगतात, त्या काठावर कुणी सांगायचं ते गिळून उभं राहिलं की पलीकडून विचारणा होते. काळूआबांनी हे गोष्टीत सांगितलं नव्हतं. ते सांगत नाहीत.

अंबिकेने ते ऐकलं. कातळाच्या बाजूने, अगदी साधा, शेजारणीचा आवाज. शब्द दोनच होते, "कोण आलं?", आणि ते तिला उद्देशून होते. तिने समोरच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. कुणीही वळून पाहिलं नव्हतं. पण सागरने डोळे मिटले होते, शेवंतीने आपलंच मनगट घट्ट धरलं होतं, आणि मावशीच्या ओठांतलं स्तोत्र मधेच थांबलं होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं. काठावर पाणी पीत असलेल्या म्हशीने तोंड वर केलं आणि ती मागे सरली.

अंबिका दगडावरून उठली आणि चाफाबाईंकडे वळली. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

"मी, अंबिका. इथे आले ती वडिलांच्या सांगण्यावरून. माझ्या ट्रंकेत आईची अन्नपूर्णा आहे. ती मी आणली आणि मीच लपवली. तुम्ही हसाल असं वाटलं. तिला मी काही विचारत नाही, रोज चार दाणे ठेवते, आणि ते मी ठेवणार. राहायचं मात्र माझं मी ठरवलंय. आता तुम्ही सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगा. आई, आधी तुम्ही."