एका नावाची शाळा

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून कान देणाऱ्या मोठ्या माणसांनो, ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हाची मिठागरं आज समुद्राच्या पोटात आहेत. ती तिथे कशी गेली, तेच सांगायचं आहे.

समुद्राकाठी एक गाव होतं. गावाची मिठागरं खोलगट जमिनीत होती, आणि ती व समुद्र यांच्या मधे मातीचा एक लांबच लांब बांध होता. मिठागरांचा आणि बांधाचा मालक होता गणशेट. या गोष्टीत नाव त्या एकालाच आहे, कारण नावाची हौस त्या एकालाच होती. बाकीची माणसं नावाशिवाय जगली आणि तशीच गेली.

बांध राखायला एक विधवा होती. तिची मुलगी सात वर्षांची, जन्मापासून ठार बहिरी. ऐकूच आलं नाही, म्हणून बोलणंही आलं नाही. पण मायलेकींचं काही अडत नव्हतं. दोघींनी हातांची एक भाषा करून ठेवली होती. मूठ वळून एक बोट वळवळवलं की खेकडा. दोन्ही तळवे एकमेकांना चिकटवले की बांध. तेच तळवे झटकन अलग केले की खांड, म्हणजे बांध फुटला. भूक, ताप, ऊन, रुसवा, सगळ्याला खुणा होत्या, आणि रोज एखादी नवी भर पडायची.

मुलीची नजर मोठी तिखट होती. खेकडे बांधात बिळं पाडतात, बिळांतून पाणी झिरपतं, आणि उधाणाच्या भरतीला नेमका तिथेच बांध फुटतो. माती कुठे ओली झाली, बुडबुडे कुठे येताहेत, हे तिला आईच्याही आधी दिसायचं.

एकदा गणशेट बांधावरून चालला होता. मुलगी धावत आली, त्याच्या वाटेत उभी राहिली, एक जागा दाखवली, आणि तळवे जोडून अलग केले. आईने तिथे कुदळ घातली तर आत हातभर लांब बीळ. ते वेळेवर बुजवलं म्हणून त्या वर्षीचं मीठ वाचलं.

गणशेटला भरून आलं. तो काही वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं.

"एवढी हुशार पोर, आणि मुकी?" तो म्हणाला. "बाई, हिला मी शिकवतो. समुद्रापलीकडे एका बेटावर बहिऱ्या मुलांची शाळा आहे. जाण्यायेण्याचं, खाण्यापिण्याचं, सगळं माझ्याकडे."

"शेट, माझं पोर बोलतं," आई म्हणाली. "आत्ता तुमच्याशीच बोललं ना?"

"याला बोलणं म्हणत नाहीत," गणशेट म्हणाला.

आईने चार दिवस विचार केला. आपण आज आहोत, उद्या नसू. मग या पोरीचं कोण ऐकणार? या एका भीतीपोटी तिने लेकीला गलबतावर चढवलं. गलबत सुटलं तेव्हा मुलगी काठाकडे बघत हातांनी विचारत होती, किती दिवस? आईला उत्तर ठाऊक नव्हतं. तिने आपले हात पदराखाली धरून ठेवले.

बेटावरची शाळा एक म्हातारी बाई चालवायची. तीस मुलं, सगळी बहिरी, आणि दिवसभर सगळ्यांचे हात चालू. वर्षभरात मुलगी त्यांच्या खुणा शिकली, आपल्या आईच्या खुणा तिने त्यांना शिकवल्या, आणि पाटीवर अक्षरंही गिरवायला लागली. त्या वर्षात ती सुखात होती. या गोष्टीत सुख तेवढंच आहे.

वर्ष संपलं तसा गलबताचा तांडेल शाळेसाठी तांदूळ घेऊन आला. गणशेटने पाठवलेले तांदूळ, आणि गणशेटचाच निरोप. "शेटनी विचारलंय, पोर काय बोलते?"

म्हातारीने कौतुकाने मुलीला पुढे केलं. मुलीने समुद्रावरच्या प्रवासाची सगळी हकीकत हातांनी सांगितली.

"हे नको," तांडेल म्हणाला. "तोंडाने काय बोलते? शेटनी गावजेवणात सगळ्यांना सांगून टाकलंय, की पोर परत येईल ती माझं नाव घेत येईल. नाव शिकवत असाल तर पुढच्या वर्षी तांदूळ. नाही तर शेट दुसरं एखादं पुण्य बघतील."

"अरे, या नावातला ग घशात होतो आणि ण टाळूला," म्हातारी म्हणाली. "ओठांवर काही दिसत नाही. जे ऐकू येत नाही आणि दिसतही नाही, ते तिने शिकायचं कसं? त्यात तिची सगळी वर्षं जातील. तेवढ्या वर्षांत मी तिला जगातलं काय काय शिकवीन."

"मी निरोप्या आहे, बाई. तांदूळ कुणाचे, ते तुम्ही बघा."

म्हातारीने तीस ताटांकडे पाहिलं. त्या बेटावर दुसरं गलबत येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने मुलीचे हात मऊ सुती पट्टीने पाठीमागे बांधले, कारण हात मोकळे असले की मुलगी तोंड उघडत नसे. मग म्हातारी मुलीचा गाल आपल्या गळ्याला टेकवायची आणि म्हणायची, ग, ग, ग. गालाला जी थरथर लागेल, ती मुलीने आपल्या गळ्यात आणायची. सकाळी ग, दुपारी ण. पाटी कोपऱ्यात पडली. बाकीची मुलं लांबून हातांनी काही विचारायची, ही नुसती बघत राहायची. आवाज चुकला तर जेवण उशिरा. म्हातारीला रोज रडू यायचं, आणि ती रोज पट्टी बांधायची. तिची कीव करा, पण तिला माफ करू नका.

शाळेतल्या सातव्या वर्षी मुलीच्या तोंडून स्वच्छ, मोठ्याने शब्द निघाला. गणशेट. त्याचा अर्थ काय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला इतकंच माहीत होतं, की हा आवाज काढला की जेवायला मिळतं आणि पट्टी सुटते.

मुलगी परत यायची म्हणून गणशेटने सोहळा मांडला. बांधाच्या पायथ्याशी, कोरड्या मिठागरात मांडव घातला. मुहूर्त निघाला पौर्णिमेच्या दुपारचा. पौर्णिमेला दुपारी उधाण असतं आणि यंदा बांधाची डागडुजी नीट झालेली नाही, हे बांध राखणारी जाऊन सांगून आली. तिला उत्तर मिळालं, "लेक तुझीच येतेय, आणि तूच अपशकुन करतेस?"

सोहळ्यात तिला शेवटच्या रांगेत बसवलं. लेकीला आधी भेटूही दिलं नाही. आईला बघून पोर हातवारे करायला लागेल, आणि शेटचं हसं होईल, म्हणे.

दोन गडी मुलीला घेऊन आले. अंगावर नवं लुगडं, केसांत फुलं. गड्यांनी तिचे हात नमस्कारासाठी जोडून घट्ट धरले होते. लोकांसमोर पोरीने हात हलवायचे नाहीत, अशी त्यांना सक्त ताकीद होती.

मुलीने मान वर केली. गणशेटच्या आसनामागे तिला बांध दिसला. पायथ्याची माती काळी, ओली झाली होती, आणि तिच्यातून बुडबुडे येत होते.

तिने तळवे अलग करायला जोर लावला. गड्यांनी ते आणखी दाबून धरले.

"लाजतेय," कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

तिने आईला शोधलं. एवढ्या माणसांत आई दिसेना. मग तिच्याजवळ जे होतं, ते तिने काढलं.

"गणशेट."

मांडवात टाळ्या पडल्या. गणशेटच्या डोळ्यांत पाणी आलं.

"गणशेट," मुलगी ओरडली. तिचे डोळे बांधावर खिळले होते. "गणशेट. गणशेट."

"बघा, थांबतच नाही," तो शेजारच्यांना म्हणाला. "केलेलं विसरली नाही पोर."

मुलीचा आवाज फाटला. शेवटच्या रांगेत आईने तो ऐकला. त्या तोंडी तो शब्द तिला परका होता, पण लेकीचं भेदरणं तिला ओळखीचं होतं. ती उठली, तिने बांधाकडे पाहिलं, आणि लेकीच्या दिशेने माणसांतून घुसली. ती निम्म्या वाटेवर असताना बांध फुटला.

समुद्र आत आला. मांडव, पंगतीची पानं, माणसं, सगळं एकदमच वाहून गेलं. गणशेटचे दोन्ही मुलगे गेले. ते दोन गडी गेले. आई गेली. मुलगी मांडवाच्या खांबाला धरून वाचली, आणि गणशेटही वाचला.

तिसऱ्या दिवशी तो मुलीपुढे येऊन बसला. "तेव्हा तू मला काय सांगत होतीस?" त्याने विचारलं. तिला ऐकू आलं नाही, पण त्याचा हात बांधाकडे होता. तिने तळवे जोडले. बोटं ताठरली होती, म्हणून हळूहळू जोडले. मग अलग केले.

ते कळायला कुठलीच शाळा लागत नव्हती. गणशेटला कळलं. याच बांधावर, ती सात वर्षांची असताना, त्याला ते एकदा कळलेलंच होतं.

मग मुलीने आणखी खुणा केल्या, भराभर, आणि त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. त्या मात्र त्याला कळल्या नाहीत. त्या वाचणारी त्या गावात एकच बाई होती.

मिठागरं राहिली नाहीत, तेव्हा तांदूळही गेले नाहीत. बेटावरच्या त्या तीस मुलांचं काय झालं, हे मला सांगता येत नाही, कारण बघायला कुणी गेलंच नाही.

गणशेटने मुलीला घरी ठेवून घेतलं. मला नावाने हाक मारू नका, असं त्याने गावाला सांगितलं, आणि गावाने ते ऐकलं. पण मुलीला कोण सांगणार? शिकवलेला आवाज काढला की हवं ते मिळतं, एवढंच ती शिकून आली होती. भूक लागली की ती म्हणायची, गणशेट. ताप चढला की गणशेट. आणि रोज भरतीच्या वेळी, जिथे बांध होता तिथे उभी राहून, पाण्याकडे तोंड करून, आई हवी म्हणून ती ओरडायची, गणशेट. म्हातारा कानांवर हात ठेवून बसायचा. तरी त्याला मरेपर्यंत ते ऐकू येत राहिलं.

म्हणून ध्यानात ठेवा: कुणाला शिकवायचं, तर त्याच्या मनातलं त्याला सांगता यावं म्हणून शिकवावं, आपलं नाव ऐकायला मिळावं म्हणून नव्हे.