विहिरीचा नमुना

“पाच मायक्रोलिटरला धड कळत नाही. दहा टाकू का, सर?”

विचारताना शर्वाणीचा आवाज चिरकला. सुवर्णपदक घेऊन प्रयोगशाळेत आलेली ही मुलगी एरवी कुणाला काही विचारत नसे. पण आज तिच्यापुढे, नमुन्याची वाफ करून त्यातलं विष ओळखणाऱ्या यंत्रात टाकायला, एका वाडीच्या विहिरीच्या पाण्याचा अर्क होता. तिथल्या चार जणांना उलट्या झाल्या होत्या. पाण्यात कीटकनाशक आहे म्हटलं, तर तीनशे माणसांच्या एकुलत्या एक विहिरीला आजच सील लागणार, तेही ऐन मे महिन्यात. आणि नाही म्हटलं, अन् असलं तर...

“काय दिसतंय?” निवृत्तीला आलेल्या काळसेकर सरांनी विचारलं.

“आलेखावर विषाचा सुळका येतोय. पण फताडा.” ती अडखळली. “आणि सर... ज्यात अर्क काढला तो द्रावक नुसता, कोरा टाकला, तरी तोच येतोय.”

“मग विष कुठे आहे?”

तेवढ्यात फोन वाजला. तहसील कचेरी, तिसऱ्यांदा. तिने उचलला नाही.

“ओळख पटवायला आधी निव्वळ विष टाकलं होतंस ना? ते किती?”

“पाचच. ठळक दिसावं म्हणून.”

“ज्या तापलेल्या काचनळीत टाकतेस, ती केवढी?”

“हजार मायक्रोलिटर मावतात तिच्यात!” हे उत्तर मात्र तिने ठसक्यात दिलं.

सरांनी रबरी हातमोज्याच्या एका बोटात ॲसिटोनचे पाच थेंब सोडले, बोटाला गाठ मारली आणि ते गरम पाण्याच्या चंबूत बुडवलं.

लुळं पडलेलं बोट हळूहळू उठलं. मग टम्म फुगलं. गाठ आता सुटते की काय, म्हणून शर्वाणी मागे सरकली.

“थेंब किती होते?”

“...पाच.”

अडीचशे अंशांवर तिच्या पाचाची वाफ त्या नळीत मावलीच नव्हती. ती वर, नळीत वायू आणणाऱ्या वाटेत शिरली होती, जाताना विष घेऊन गेली होती आणि आता ती वाट प्रत्येक खेपेला ते थोडं थोडं परत देत होती. विहिरीत विष असल्याच्या अहवालावर सही करायचीच काय ती बाकी होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

यंत्र थंड करून तिने वाट धुतली, काचनळी बदलली, पुन्हा तापवलं. दोन तास गेले. कोरा द्रावक टाकला, एकच मायक्रोलिटर. रेघ सपाट. मग विहिरीचा अर्क, तोही एकच.

सुळका यायची वेळ जवळ आली. वेळ उलटून गेली.

रेघ सपाटच राहिली.

“नाहीये, सर! विहिरीत काहीच नाहीये!” तिने फोनकडे झेप घेतली.

सरांनी फोनवर हात ठेवला.

“आता विष टाक. अगदी विरळ केलेलं. एकच मायक्रोलिटर.”

“आता? पण पाणी स्वच्छ निघालं ना, सर!”

“यंत्राचे डोळे उघडे आहेत कशावरून? डोळे मिटून वाकलीस, तरी विहीर स्वच्छच दिसेल.”