वाळूच्या बुडाची मडकी

हजार बेटांच्या एका देशात, समुद्राला अगदी खेटून, एक गाव होते. त्या गावाखालची जमीन काही केल्या स्वस्थ बसत नसे. आज थरथरली, परवा हादरली, आणि मध्ये चार दिवस गप्प राहिली तर लोकांना उलट जास्तच धास्ती वाटायची. तिथे कोणी वाटी काठोकाठ भरत नसे. दाराला आतून कडी लावत नसे. जमीन फार हलली की मागोमाग कधी कधी समुद्र उठून गावात शिरतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

म्हणून चावडीसमोर एका फळीवर सात मडकी मांडलेली असत. अरुंद बुडाची, जरा हिसका बसला की पडणारी. तीनपर्यंत पडली तर आपापले काम करायचे. चार पडली की हातातले टाकून सगळ्यांनी मागचा डोंगर गाठायचा, आणि सूर्य मावळेपर्यंत खाली यायचे नाही. फुटलेल्या मडक्यांच्या जागी नवी ठेवण्याचा मान गावच्या कुंभाराच्या घराकडे होता. बापानंतर तो दारमोकडे आला.

मान कसला, जिवाला घोर! मडकी पडत, गाव डोंगर चढे, समुद्र जागचा हलत नसे. खाली येईपर्यंत टोपल्यांतली मासळी नासलेली, चुलीवरचा भात करपलेला. मग चिडायचे कोणावर? जमिनीवर चिडून उपयोग नाही, समुद्रावर चिडायची छाती नाही. राहिला दारमो. त्याला पाहिले की बायका तोंड फिरवत आणि कोळी पाठीमागून टोमणे मारत.

एकदा गावप्रमुख विर्यो याच्या मुलीचे लग्न भर मांडवात थांबले. पाच मडकी पडली होती. संध्याकाळी डोंगर उतरताना विर्यो सगळ्यांसमोर म्हणाला, "दारमो, तुझ्या बापाची मडकी अशी ऊठसूट पडत नव्हती रे!"

खरे तर तीही तशीच पडत असत. पण ते दारमोच्या काळजाला लागले. त्याने नव्या पाच मडक्यांत बुडाशी एकेक मूठ ओली वाळू दाबली आणि वरून मातीचा पातळ लेप दिला. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळायचे नाही. 'बारीकसारीक धक्क्यांना पडू नयेत, एवढंच,' त्याने मनाची समजूत घातली.

पुढच्या धक्क्याला दोनच पडली. ती जुनी, बिनवाळूची होती. लोक खूश झाले. दारमोने त्या दोन्हींच्या जागी वाळूचीच ठेवली. त्यानंतर एकही पडेना. वर्ष गेले, दुसरे गेले. जमीन पूर्वीइतकीच हलत होती, पण लोक जमिनीकडे कुठे पाहत होते? ते फळीकडे पाहत होते. धरणी शांत झाली, असे आधी कोणी तरी म्हटले आणि मग सगळेच म्हणू लागले. घरे आणखी पाण्याजवळ सरकली. डोंगराच्या वाटेवर गवत माजले, काटेरी झुडपे वाढली. जेवणावळीत दारमोला पहिल्या पंगतीत पाट मिळू लागला.

आणि इतके सगळे मिळूनही त्याला घास गोड लागेना. पायाखाली जरा हलले की चाकावरचे मडके वाकडे होई. त्याची बायको लास्त्री एकदा फळी पुसून आली आणि म्हणाली, "मडकी जड लागतात हो."

"माती चांगली आहे या वर्षीची."

तिने एकदा त्याच्याकडे पाहिले आणि ती चुलीकडे वळली. उद्या वाळू काढायची, असे दारमोने त्या दिवशी ठरवले. पण दुसऱ्या दिवशी कोणी तरी त्याच्या घरी नारळ आणून दिले, पाया पडले. उद्याचा परवा झाला, आणि परवाचा विषयच निघाला नाही.

शेवटी गावातली धरणी शांत झाल्याचे राजाच्या कानावर गेले. भरबाजाराच्या दिवशी राजाचा कारभारी दारमोसाठी मानाचे वस्त्र घेऊन आला. सगळा गाव चावडीसमोर जमला. विर्योने वस्त्र हातात घेतले, आणि जमीन हलली.

जोराचा हिसका नव्हता. पाळणा हलावा तशी ती हळूहळू हलत होती, पण थांबतच नव्हती. चावडीपासून विहिरीपर्यंत जाऊन परत यावे, इतका वेळ ती हलत राहिली. सगळ्यांच्या माना फळीकडे वळल्या. सातही मडकी उभी.

"पाहिलंत?" विर्यो कारभाऱ्याला हसून म्हणाला. लोक पुन्हा खाली बसले.

दारमोने फळीकडे पाहिलेच नाही. त्याने किनाऱ्याकडे पाहिले. पाणी मागे सरत होते. नांगरलेल्या होड्या चिखलात कलंडत होत्या. बायकांच्या घोळक्यात लास्त्री उभी होती. तीही फळीकडे पाहत नव्हती, त्याच्याकडे पाहत होती.

"पळा!" दारमो ओरडला. "डोंगरावर पळा!"

"अरे, मडकी उभी आहेत की," विर्यो म्हणाला.

"ती पडणार नाहीत, विर्योकाका! मीच पडू देत नाहीये!"

लोक हसले. मानाने माणूस भांबावला, असे त्यांना वाटले. तेव्हा दारमोने पहिले मडके उचलले आणि चावडीच्या पायरीवर आपटले. खापऱ्यांत वाळू पसरली. दुसरे आपटले. वाळू. तिसरे आपटले तेव्हा हसणे थांबले होते, आणि चौथे फुटेपर्यंत गाव धावत सुटला होता.

पण वाट कुठे होती? काट्यांत पदर अडकत होते, गवतात पाय घसरत होते. म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन माणसे चढत होती. मागून समुद्र आला. एकदा आला, दोनदा आला, तिसऱ्यांदा आला तेव्हा खाली नेण्यासारखे काही उरले नव्हते.

वर माणसे मोजली. तीन कमी होती. त्यात गावातल्या म्हाताऱ्या सुमीआजीचा नवरा होता. अर्ध्या वाटेवर काट्यांत अडकला होता.

दारमो तिच्यासमोर जाऊन बसला. मान वर करायची त्याची हिंमत नव्हती.

"वाळू का घातलीस?" तिने विचारले.

"मडकी पडली की तुम्ही सगळे माझ्यावर चिडायचात, आजी. मला ते सोसवेना."

आजीने खालच्या पाण्याकडे पाहिले. मग म्हणाली, "आम्हाला हवं तेच केलंस. आम्हीही उचलून पाहिलं नाही. आता आम्हाला नको ते कर. नवी मडकी घडव. आणि बूड अरुंद ठेव."

गाव पुन्हा उभे राहिले, या वेळी डोंगराच्या पायथ्याशी. फळी पुन्हा लागली. घरे पुरी झाल्याची पंगत बसली, पहिला घास तोंडाशी गेला, आणि जमिनीला हिसका बसला. चार मडकी खळकन फुटली. लोक भरल्या पानावरून उठले आणि डोंगर चढले. दिवसभर समुद्र एका जागी चमकत राहिला. काही म्हणजे काही झाले नाही.

संध्याकाळी सगळे उतरले. पाने कावळ्यांनी विस्कटली होती, भातात मुंग्या लागल्या होत्या. विर्योचे तोंड वैतागाने उघडले. तेवढ्यात त्याला समोर सुमीआजी दिसली. ती खाली वाकून खापऱ्या गोळा करत होती.

विर्योने तोंड मिटले.

"दारमो," तो म्हणाला, "उद्या चार मडकी लागतील."

तात्पर्य: संकटाची खबर देणाऱ्यावर चिडत राहिले, की एक दिवस तो आपल्याला गोड वाटेल तेवढेच सांगू लागतो, संकट मात्र यायचे तेव्हा येतेच.