किल्ली जिथली तिथं

येडा कुणाला म्हणत्यात तुमच्या मुळीकबाई? कॉलेजच्या लायब्ररीत त्या मोठ्या असतील, माझ्या दारात न्हाईत. भाऊसाहेब, तुम्ही कॉलेजचे क्लार्क. किल्ली न्यायला आलाय, ठावं हाय. गाडी बंद करा. आधी ऐका.

एका गावात एक भोळा शिपाई होता. गाव हेच, आन शिपाई माझा धाकटा भाऊ, बयाजी. अकरा वर्षं तात्पुरता. कायम करायचा कागद प्राचार्यांच्या सहीवाचून पडून. बाई म्हणाल्या, "तपासणीची समिती यायचीय. सांगीन तसं कर, सही होईल."

त्यानं सांगितलं तसंच केलं. हाच त्याचा गुन्हा.

पयल्यांदा जर्नलं लावायला सांगितली. यानं तांबडी एकीकडं, निळी एकीकडं लावली. रॅक कसं लुगड्याच्या दुकानावाणी दिसाय लागलं.

"बयाजी, वरच्या रंगावर जाऊ नये. आत काय आहे ते बघून ठेवावं."

"बरं बाई."

दुसऱ्या दिशी प्राचार्यांच्या नावचं बंद पाकीट आलं. यानं फोडलं. आत मूळव्याधीचा रिपोर्ट. यानं आरोग्याच्या जर्नलांत लावला. आठ पोरांनी वाचला, दोघांनी उतरून घेतला.

"अरे, बंद पाकीट कधी फोडू नये."

"बरं बाई."

मग टपालानं नवी जर्नलं आली, पाकिटात बंद. यानं तशीच रॅकवर मांडली. एक प्रोफेसर दोन दिवस नुसता पत्ता वाचून गेले.

"फोड ती. आणि नवा अंक पुढं ठेवायचा, जुना मागं. किल्ली असो, कात्री असो, जिथली वस्तू तिथंच."

"बरं बाई."

आज समिती आली. चार म्हातारे, आन त्यांच्या संगं टायपिंगवाली पोरगी, असंल बावीसची. यानं हार तिच्या गळ्यात घातला, पुढच्या खुर्चीत बसवली. पांढऱ्या केसांचे अध्यक्ष मागं, माठाशेजारी.

बाई दात खात म्हणाल्या, "जुन्याला किंमत नाही असं कुठं म्हणाले मी? जुने अंक गेले तर परत मिळत नाहीत. म्हणून आतल्या खोलीत कुलपात जपतो. कुणी मागितलं तरी बाहेर सोडत नाही. कळलं?"

"बरं बाई."

बाई आतल्या खोलीची किल्ली त्याच्या हातात देऊन चहाचं बघायला गेल्या. बयाजीनं आतली खोली उघडली, किल्ली दिवसा टांगायच्या जागेवर टांगली. ते चार म्हातारे आन प्राचार्य जुने अंक बघायला आत शिरले. यानं बघितलं. पाची जणं पिकलेली. गेली तर परत मिळण्यातली न्हाईत.

यानं दार वढलं, कुलूप दाबलं, पाच वाजले तसा घरी आला. तो बघा, भाकरी खातोय.

त्याच्याकडं किल्ली न्हाई, भाऊसाहेब. जिथली तिथं हाय. आतल्या खोलीत, दाराशेजारच्या खिळ्यावर. पाच शिकलेली माणसं त्या खिळ्याखाली बोंबलत बसल्यात, आन तुम्ही किल्लीसाठी चार कोस आलाय. आन येडा आमचा बयाजी.

आता मागारी जावा. त्याचा कायमचा कागद काढा, दाराखालनं आत सारा, प्राचार्यांची सही घ्या. सही हातात पडंस्तवर खिळ्याचं नाव काढायचं न्हाई. फिरवा गाडी.