धुक्याची शीव

फार पूर्वी, राजे स्वतः चाखून दाद देत त्या काळी, डोंगरांच्या कुशीत एका नदीचं इवलंसं खोरं होतं. पहाटे नदीवरून धुकं चढे आणि द्राक्षवेलींना भिजवून जाई. तिथल्या द्राक्षासवाला अशी काही चव होती की राजाने खोऱ्याला स्वतःची मुद्रा दिली. "जिथवर धुकं चढतं तिथवर शिवेचे दगड रोवा. आतल्याच आसवाच्या घड्यांवर ही मुद्रा उमटू दे," असं बजावून त्याने ती गावच्या पाटलाच्या हाती सोपवली.

पाटील सचोटीचा होता. पण लेकीचा बापही होता. लेक दिली होती टेकडीपलीकडे. तिच्या मळ्यात द्राक्षं पिकत, धुकं मात्र पोचत नसे. माहेरी आली तेव्हा ती म्हणाली, "आबा, आमचं आसव बाजारात कुणी हुंगतसुद्धा नाही. एक दगड जरा पुढं सरकवला तर काय आभाळ कोसळणार आहे?"

आभाळ कोसळलं नाही. दगड तेवढा सरकला.

मग काय विचारता! "पाटलाच्या लेकीला एक न्याय आणि आमच्या मेहुण्याला दुसरा का?" असं जो तो विचारू लागला. पाटील कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? दगड सरकत सरकत पार ओसाड माळापर्यंत गेले.

पुढच्या हंगामात जुना व्यापारी गाड्या घेऊन आला. दोन-तीन घडे त्याने चाखले आणि तोंड वाकडं केलं. "पाटील, या मुद्रेवर आम्ही डोळे मिटून विसंबायचो. आता प्रत्येक घडा चाखूनच घ्यायचा, तर मुद्रा हवी कशाला?" गाड्या रिकाम्याच परत गेल्या.

त्या वर्षी खोऱ्यातलं आसव घड्यांतच नासलं. लेकीचंही नासलं. पाटलाला स्वतःचीच लाज वाटली. पहार खांद्यावर टाकून तो टेकडी चढला.

"पोरी, तुला द्यायला गेलो, आणि होतं तेही घालवून बसलो," म्हणत त्याने पहार दगडाखाली घातली. लेकीनेही पहारीला हात लावला. पाटलाच्या लेकीचा दगड मागे आला म्हटल्यावर बाकीच्यांनाही आपापले दगड उचलावे लागले.

दगड लगेच जागेवर आले. व्यापारी मात्र परतले ते पाटलाच्या नातवाला मिसरूड फुटल्यावर. तो दिवस बघायला पाटील राहिला नव्हता.

तात्पर्य : मायेपोटी विश्वासाची शीव सरकवली, तर आपल्या माणसाचंही भलं होत नाही.