न फाटणारा आवाज

“फाटूच शकत नाही, आक्का!”

“फाटलाय.”

“अहो, ह्या कॅमेऱ्यात आवाज फाटतच नाही. त्यासाठीच तर घेतला.”

“मी काय त्याचं लग्न जमवायला बसलेय? गुण कशाला सांगतोस त्याचे? आवाज फाटलाय.”

बिरोबाच्या देवळामागं, लिंबाच्या सावलीत, हे तिसऱ्यांदा चाललं होतं. ऊन माथ्यावर होतं. पालखी नदीवर गेली होती, ती दिवस कलताना परतायची होती.

श्रेणिक मगदूम मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. समोर सतरंजीवर अनसाक्का लोहार, वय सत्त्याहत्तर, पाय लांब पसरून.

अनसाक्काची शाळा चौथीत सुटली. शिकणं सुटलं नाही. नवऱ्याच्या लाउडस्पीकरच्या दुकानातला बंद टेपरेकॉर्डर तिनं भाकरीच्या परातीत उघडला. परत जोडला तेव्हा दोन स्क्रू उरले, आणि टेप वाजायला लागला. त्यानंतर तिनं कुणाला काही विचारलं नाही.

पंचेचाळीस वर्षं ह्या जत्रेतला धनगरांचा ढोल तिनं भरून घेतला होता. गजी नाचाच्या रिंगणात बाईनं पाऊल टाकायचं नसतं म्हणणारे तिच्या डोळ्यांदेखत म्हातारे झाले. ती आतच उभी राहिली.

यंदा मात्र गुडघ्यांनी दगा दिला होता. म्हणून रिंगणात श्रेणिक. चार वर्षं तिच्याजवळ शिकलेला, सहा वर्षं मुंबईत नाव काढलेला, हा नवा कॅमेरा घेऊन आलेला.

आणि यंदाच धुळाप्पा कोळेकर शेवटचा ढोल वाजवणार होता. ऐंशी वर्षांचा हात. उद्या ढोल पुतण्याच्या गळ्यात जायचा होता. सकाळचा एक खेळ झाला होता. संध्याकाळी, पालखी दारात आली की दुसरा. मग नाही.

सकाळचा खेळ संपल्यावर धुळाप्पा अनसाक्काला एवढंच म्हणाला होता...

“सांजच्याला ह्यो पोरगा रिंगणात नको.”

कारण सांगितलं नव्हतं. ढोल उशाशी घेऊन तो लिंबाच्या बुंध्याशी आडवा झाला होता, चार हातांवर. डोळे मिटलेले. झोपला होता की नाही, ते बिरोबाला ठाऊक.

“तुम्हीच भरवलंत त्यांना,” श्रेणिक म्हणाला.

“मी?”

“तुमच्याशिवाय कुणी रिंगणात उभं राहिलेलं तुम्हाला बघवत नाही. स्पष्ट बोलतो. राग मानू नका.”

“मानणार. राग माझा आहे, तुला विचारून मानू काय?”

श्रेणिकची मान ताठच होती.

“मला नीट समजावून सांगू द्या तुम्हाला,” तो म्हणाला. “पूर्वी टेपची एक हद्द होती. आवाज हद्दीबाहेर गेला की फाटायचा. म्हणून तुम्ही आधी लेव्हल घ्यायचा. ढोलकऱ्याला म्हणायचा, मोठ्यात मोठा घाव मारून दाखव. मग बटण तेवढं खाली. बरोबर?”

“बोल.”

“हा कॅमेरा बत्तीस बिट फ्लोटवर आवाज घेतो. म्हणजे हद्दच नाही. मुंगी चालू दे, नाहीतर तोफ उडू दे, दोन्ही मावतं. मोठा वाटला तर नंतर घरी बसून खाली ओढायचा. लेव्हल घ्यायची गरजच उरली नाही, आक्का. ते दिवस गेले.”

“झालं सांगून?”

“झालं.”

“कणगी केवढी मोठी, ते सांगितलंस. दाणे वाटेत कुठं सांडले, ते सांग.”

“सांडतीलच कसे?”

“ओढ खाली.”

“काय?”

“आवाज. घरी बसून ओढणार होतास ना? इथं बसून ओढ. सावली आहे.”

श्रेणिकनं सकाळचा ढोल पडद्यावर घेतला. लाटा पडद्याच्या बाहेर गेल्या होत्या. तो हसला. हेच तर तिला दाखवायचं होतं. त्यानं त्या धरल्या आणि खाली ओढल्या. आल्या. आज्ञाधारक सुनेसारख्या खाली आल्या.

तो हसायचा थांबला.

प्रत्येक लाट लहान झाली होती. पण प्रत्येकीचा शेंडा सपाट होता. कुणी विळ्यानं एका फटक्यात छाटल्यासारखा.

त्यानं आणखी ओढल्या. सपाटच.

त्यानं वाजवून बघितलं. ढोल वाजतच नव्हता. पत्र्यावर कुणी चप्पल आपटत होतं.

“पण... कॅमेऱ्यात तर मावलाय,” तो हळू म्हणाला.

“मावलाय की. फाटका आला, फाटका मावला. तुझ्या कॅमेऱ्याची काही चूक नाही. त्यानं इमानानं फाटकं जपलंय.”

“म्हणजे आधीच...”

“कॅमेऱ्याच्या आधी काय होतं?”

श्रेणिकनं पिशवीत हात घातला. वायरलेस माइकची डबी बाहेर आली. आगपेटीएवढी. सकाळी त्यानंच ती धुळाप्पाच्या कमरेला अडकवली होती, माइक ढोलाच्या दोरीत खोचला होता. आवाज आधी ह्या डबीत, मग हवेतून कॅमेऱ्यात.

डबीचं स्वतःचं एक बटण होतं. ते शेवटच्या टोकाला होतं.

त्याला आठवलं. काल पुजाऱ्यानं भाकणूक सांगितली होती, पुढच्या वर्षाच्या पाऊसपाण्याची. पुजारी असा पुटपुटत होता की देवालाही वाकून ऐकावं लागावं. त्या पुटपुटण्यासाठी श्रेणिकनं डबी पूर्ण चढवली होती. आज उतरवली नव्हती.

कशाला उतरवेल? कॅमेऱ्यात सगळं मावत होतं ना.

“तुम्हाला कधी कळलं?” त्यानं विचारलं.

“पहिल्या घावाला. डबीवरचा लाल दिवा घावागणिक पेटत होता, दहा पावलांवरून दिसला.”

“मग तेव्हाच ओरडायचं होतं!”

“ओरडले. तीनदा. ढोल चालू असताना बाई ओरडलेली ऐकायला कान मोकळे लागतात. किंवा हेडफोनमध्ये घातलेले. तुझे हेडफोन कुठं होते?”

ते आत्ताही तिथंच होते. गळ्यात. सकाळपासून, हारासारखे.

“मला फ्रेम सांभाळायची होती,” श्रेणिक म्हणाला. “चित्रही मीच घेतो, आवाजही मीच. दोन हात आहेत मला.”

“मी कानांचं विचारलं.”

“ठीक आहे. डबीचं चुकलं. कबूल. पण लेव्हल घेतली नाही, ती आळसानं नाही, आक्का. ते तरी ऐका.” त्याचा आवाज चढला. “ऐंशी वर्षांचा माणूस. खांदा रात्रंदिवस दुखतो. आल्यापासून बघतोय, तेल चोळत बसतात. त्यांना म्हणू, नुसतं माझ्या मशीनसाठी एकदा जोर लावून दाखवा? मशीनला गरज नसताना? मी त्यांचा खांदा वाचवला. तुम्हाला ह्यात उद्धटपणा दिसतो. मला ह्यात माया दिसते.”

अनसाक्कानं ते ऐकून घेतलं.

मुद्दा खरा होता.  

मग तिनं मान वळवली.

“धुळाप्पा, ऐकलंस काय? तुझ्या खांद्यावर माया चाललीय.”

“माझा खांदा माझ्याजवळ हाय,” मिटलेल्या डोळ्यांनी धुळाप्पा म्हणाला.

“झोप झाली का?”

“तुमी दोघं झोपू दिल्यावर.”

तो उठून बसला. पटका सारखा केला. श्रेणिककडं पाहिलं, सकाळपासून पहिल्यांदाच.

“तुला कुणी सांगितलं मला भरवलं म्हून? मला कोण भरवतंय? मी काय तान्हं हाय?”

“मग मला का नको म्हणालात, तात्या?”

धुळाप्पानं हनुवटीनं अनसाक्काकडं दाखवलं.

“ही बाई,” तो म्हणाला, “पैल्यांदा आली तवा मी पस्तिशीतला. पोरं हसली. ही म्हनाली, मला एक घाव मारून दाव, सगळ्यात मोठा. मारला. ही जाग्यावरनं हलली न्हाई. त्या हेडफोनातनं ऐकलं, बटन फिरवलं, आन् म्हनाली, अजून हाय तुझ्यात, राखून नको ठेवू. दुसरा मारला. तवा हिनं मान हलवली. तवापास्नं दरसाल पैला घाव हिच्यासाठी. मग देवासाठी.”

“ते लेव्हलसाठी होतं, तात्या,” श्रेणिक म्हणाला.

“तुमचं लेवल काय असतंय, मला न्हाई ठावं. मला येवढं ठावं, की वाजवायच्या आदी कुनीतरी मला ऐकलेलं असतंय. मग मी बिनघोर वाजवतो.” त्यानं ढोलाच्या कातड्यावरची धूळ तळव्यानं पुसली. “आज तू आलास. कंबरंला डबी बांधलीस. पाठीवर थापटलंस, जनावराला थापटत्यात तसं. आन् गेलास लांब. मी काठी उचलून हुबा. म्हटलं, आता म्हनंल, मग म्हनंल...”

त्यानं ढोलावरचा हात काढून घेतला.

“म्हनला न्हाईस. मला वाटलं, ह्याला ऐकायचंच न्हाई. न्यायचंय नुसतं.”

लिंबावर कावळा बसला, उडाला. 

श्रेणिकची मान पहिल्यांदा खाली गेली. मुंबईत ज्याच्यापुढं मोठमोठे लोक “तुम्ही म्हणाल तसं” म्हणायचे, त्यानंच आज एका म्हाताऱ्याला ताटकळत उभं ठेवलं होतं. त्यानं लॅपटॉप मिटला. वाकला, आणि अनसाक्काच्या पायांकडं हात नेला.

तिनं पाय आखडून घेतले, दुखरे गुडघे कुरकुरले तरी.

“पायाला काय हात लावतोस? बटणाला लाव.”

त्यानं डबी उचलली. बटण खाली आणलं, अंदाजानं. मग धुळाप्पासमोर गेला, गुडघ्यांवर बसला, डबी त्याच्या कमरेला बांधली आणि माइक ढोलाच्या दोरीत खोचला. ह्या वेळी पाठीवर थापटलं नाही.

हेडफोन गळ्यातून काढून कानांवर चढवले.

“तात्या,” तो म्हणाला, “एक घाव मारून दाखवता? मोठ्यात मोठा?”

“कशापायी? मशीनला गरज न्हाई म्हनलास.”

“मशीनला नाही.”

“मग कुनाला?”

श्रेणिकनं हेडफोन कानांवर घट्ट दाबले.

“मला.”

धुळाप्पा उठला. ढोल गळ्यात घेतला. खांदा एकदा गोल फिरवला, चेहरा कसनुसा झाला, मग तो कसनुसा चेहरा त्यानं बाजूला ठेवला. काठी उचलली.

घाव पडला.

पारावरच्या शेळ्या दावी ताणून उभ्या राहिल्या. देवळातून पुजारी, तोच कालचा पुटपुट्या, चांगला खणखणीत ओरडला, “अरे, नैवेद्य हाय आत!”

श्रेणिकचा चेहरा वेडावाकडा झाला. घाव कानांत फाटला होता. आता त्याला कुणी सांगावं लागलं नाही. त्यानं बटण आणखी उतरवलं.

“अजून एक, तात्या.”

दुसरा घाव. बरा. कडेला किंचित खरखर.

बटण आणखी एक रेघ खाली.

“अजून आहे तुमच्यात,” श्रेणिक म्हणाला, आणि स्वतःच दचकला. “राखून ठेवू नका.”

धुळाप्पाची मिशी हलली.

तिसरा घाव पडला तेव्हा पुजारी ओरडला नाही. श्रेणिकनं डोळे मिटले होते. ढोलाच्या पोटातला घुमारा येऊन त्याच्या छातीवर बसला, अख्खा, कुठंही न उसवता. तो विरला, मग कातड्याची बारीक थरथर राहिली, मग तीही गेली. तरी तो ऐकतच होता.

“बसला,” शेवटी तो म्हणाला.

हेडफोन काढून त्यानं अनसाक्कापुढं धरले. “तुम्ही एकदा ऐका, आक्का.”

“तू ऐकलंस ना?”

“ऐकलं.”

“मग?”

त्याचा हात तसाच पुढं राहिला. पंचेचाळीस वर्षांत तिनं दुसऱ्याच्या कानांवर काम सोडल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. तिनं मात्र पदर सारखा केला आणि पाणी मागितलं.

“सांजच्याला येळंवर ये,” धुळाप्पा श्रेणिकला म्हणाला. “आत. माझ्या उजव्या हाताला हुबा राहा. डाव्या हाताला पुतन्या नाचतोय, लाथ बसंल.”

तो पुन्हा आडवा झाला. ह्या वेळी लगेच घोरायला लागला.

श्रेणिकनं कॅमेरा मांडीवर घेतला. त्याला बरं वाटत होतं आणि वाईटही. ज्याच्या जोरावर तो इतका बोलला, तेच मशीन आता हातात जड झालं होतं. त्यानं बटणं दाबत आतली यादी उघडली.

“काय करतोयस?”

“फ्लोट बंद करतोय. साध्या चोवीस बिटवर घेतो, तुम्ही घ्यायचा तसा. हद्द असली म्हणजे माणूस जागा राहतो.”

“कुणी सांगितलं तुला?”

“तुम्हीच तर सकाळपासून...”

“मी मशीनला एक शब्द बोलले?”

त्यानं आठवून बघितलं. नव्हती बोलली.

“पण लेव्हल बरोबर घेतलीय,” तो इरेला पेटला. “डबी उतरवलीय, हेडफोन कानांवर असणार, हात कॅमेऱ्याच्या बटणावर असणार. चूक व्हायला जागाच ठेवली नाही मी. मग सांगा ना, ह्या फ्लोटचं कामच काय उरलं?”

त्याचं बोट बटणावर टेकलं होतं. अनसाक्कानं पुढं वाकून ते बोट धरलं आणि बाजूला केलं.

“संध्याकाळी हा म्हातारा असा वाजवेल की तुला हात आहेत हेच तू विसरशील... तेवढ्या वेळापुरतं ते चालू असू दे.”